स्वखुशीने माहेरी राहावयास गेली

साहेब, मागच्या आठवड्यात आपल्या ऑफिसात एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची आहे. ताईला ती माहीत आहे, कारण ती तिच्या डोळ्यांसमोरच झाली. पण ताईशी बोलून माझं पुरतं समाधान झालं नाही. तुमची लेक आता चांगली वकील झाली आहे. जालन्याच्या कोर्टात लोक तिला तिच्या नावानं ओळखतात, तुमची मुलगी म्हणून ओळखणारे आता थोडेच राहिले. मी तिला ताई म्हणते, ती मला आक्का म्हणते. शाळेत जाताना तिच्या दोन वेण्या मी घालून दिलेल्या आहेत, ते आम्ही दोघी चारचौघांत बोलत नाही.

ऑफिस तुमच्याच घरातल्या पुढच्या खोलीत आहे. काम मात्र तुम्ही पाहिलंत तर ओळखणार नाही. तुमचा टाइपरायटर कपाटावर झाकून ठेवला आहे. त्यानंतर आलेला संगणक तुम्ही बघितला होता, त्याला तुम्ही डबा म्हणायचात आणि त्याच्यासमोर बसायचं नाही असं ठरवूनच टाकलं होतं. आता मसुदा त्या डब्यातही राहत नाही. तो कुठंतरी दूर ठेवलेला असतो, आणि ब्राउझरमध्ये पत्ता उघडला की कोणत्याही संगणकावर दिसतो, मोबाइलवरसुद्धा. ताई संभाजीनगरला खंडपीठात गेलेली असते, तिथल्या व्हरांड्यात उभ्या उभ्या मोबाइलवर एखादा परिच्छेद दुरुस्त करते, आणि मी इथे बसल्या जागी ती अक्षरं उमटताना बघते. पहिल्या पहिल्यांदा मला भीती वाटायची, कोणी अदृश्य माणूस माझ्या मांडीवरचा कागद लिहितोय असं वाटायचं. मग सवय झाली. जुन्या फॉन्टमधले तुमचे सगळे नमुने मोबाइलवर उघडले की नुसता कचरा दिसायचा, म्हणून ते सगळे मी नव्यानं टाइप केले. वकीलपत्र, नोटीस, वाटणीपत्र, फारकतीचा कागद, सगळे. भाषा तुमचीच ठेवली, काना-मात्रासुद्धा हलवली नाही.

तुम्ही मजकूर सांगायचात ते मला आजही दिसतं. तुम्ही खिडकी ते दार, दार ते खिडकी चालत राहता. हात मागे बांधलेले. पक्षकार बाहेर ओट्यावर बसलेले असतात, त्यांना आत यायची मुभा नाही. त्यांचं जे काही म्हणणं आहे ते तुम्ही आधीच ऐकून घेतलेलं असतं आणि आता ते तुमच्या भाषेत बाहेर पडत असतं. माझी बोटं तुमच्या पावलांवर चालतात. एखादा पक्षकार दारात डोकावून म्हणतो की साहेब, तेवढं बांधाचं लिहा, तेव्हा तुम्ही मान न वळवता सांगता की बसा बाहेर, लिहिलं की बोलावतो. बोलावल्यावर तो सही करतो नाहीतर अंगठा देतो. वाचून दाखवा म्हणणारा क्वचित निघायचा. व्हाइटनर तुम्हाला चालत नसे. चूक झाली की पान काढून पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायची आणि तुम्ही म्हणायचात, कोर्टात खाडाखोड म्हणजे संशय.

दुपारी तुम्ही आत जेवायला गेलात की काकू मला स्वयंपाकघरातून हाक मारायच्या. मी डबा आणायची, पण माझी भाकरी सकाळीच माहेराहून, हसनाबादहून निघालेली, जालन्यात येईपर्यंत कडक व्हायची. काकू ती बाजूला ठेवायच्या आणि त्यांची गरम भाकरी नि येसराची आमटी माझ्या ताटात वाढायच्या. तुम्ही पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत जेवायचात. माझ्याशी एक अक्षर बोलायचा नाहीत, पण माझी पाठ दुखते हे मी काकूंना सांगितलेलं तुम्ही ऐकलं असणार. दुसऱ्या आठवड्यात पाठ असलेली, गादीची खुर्ची आली. तेव्हा तुमच्या स्वतःच्या खुर्चीला गादी नव्हती. हमालानं ती माझ्या टेबलाशी ठेवली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, बसून बघ. मेंढपाळाच्या घरात मी वाढले, आमच्याकडे बसायला घोंगडी. खुर्ची माझ्यासाठी कोणी विकत आणली असं आयुष्यात तेव्हाच झालं.

आणि त्याच खुर्चीत बसून मी माझा स्वतःचा कागद टाइप केला. तुम्हाला आठवत असेल. घनसावंगीकडे माझं सासर होतं. एका सणाला नवऱ्यानं मला जीपमध्ये बसवून माहेरी आणून सोडलं, दोन दिवसांनी नेतो म्हणाला. तो आलाच नाही. मंग त्यानं दुसरी बाई घरात आणल्याचं कानावर आलं. माझे वडील त्याच्या दारात जाऊन बसले, पाणीसुद्धा मिळालं नाही. टायपिंग मी त्यानंतर शिकले, तुमच्याकडे त्यानंतर आले, आणि फारकतीचं कामही तुम्हीच अंगावर घेतलं. त्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे चालत होता. उभयतांचा विवाह अमुक ठिकाणी झाला, उभयतांचे पटेनासे झाले, आणि अर्जदार ही स्वखुशीने माहेरी राहावयास गेली. माझी बोटं थांबली. तुम्हीही थांबलात.

मी म्हणाले, "साहेब, मी गेले न्हाई. मला आणून घातलं."

तुम्ही मला समजावून सांगितलंत, रागावला नाहीत. आणून घातलं असं लिहिलं की तो नाकारणार, मग साक्षीपुरावे, मग उलटतपासणी, मग तुझ्या वडिलांना उभं करतील, तुलाही नको नको ते विचारतील. हे वाक्य ठेवलं तर तो मुकाट्यानं सही करील आणि तू मोकळी होशील. मी तरी गप्प बसले होते. तेव्हा तुमचा आवाज चढला. "मजकूर माझा, टाइप करणं तुझं. कर." मी केलं. त्या पानावर माझी एकही चूक झाली नाही. तो खरंच मुकाट्यानं सही करून गेला. तुम्ही म्हणालात तसंच झालं आणि मी मोकळी झाले.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. ताईकडे एक बाई आली होती, बदनापूरची. माहेरी राहते, तिथल्या रोपवाटिकेत रोजानं कामाला जाते. नवरा हसनाबादकडचा, थोडी शेती आणि मेंढरं. एक मुलगी आहे, पहिली-दुसरीतली. दोघांचं राजीखुशीनं वेगळं व्हायचं ठरलं होतं, देण्याघेण्याचंही आधीच मिटलं होतं. दुसऱ्या दिवशी कोर्टात तडजोडीचा कागद द्यायचा होता. ताई संभाजीनगरला अडकली, म्हणून मसुदा मी तुमच्या नमुन्यावरून तयार केला, तिनं तिथून मोबाइलवर तपासला आणि दोघांनाही त्याची लिंक पाठवून दिली. आजकाल ती तसंच करते. पक्षकारानं घरी बसून वाचावं, शंका असेल तर फोन करावा, सहीच्या वेळी कोणी नवल करू नये. फक्त वाचायला द्यायचं वेगळं असतं आणि बदल करायला द्यायचं वेगळं. घाईत, कोर्टाच्या व्हरांड्यात, तिच्या हातून बदल करायची परवानगी दिली गेली.

दुपारी मी मसुदा उघडून बसले होते, समासातल्या जागा बराबर करत. वर कोपऱ्यात दोन चित्रं आली. नाव न सांगता आलेल्या माणसाला ते यंत्रच एखादा प्राणी देऊन टाकतं. एक बदक आलं, एक उंट आला. मला वाटलं दोघं वाचतायत. उंटाची रेघ, म्हणजे कर्सर, मुलीच्या कलमापाशी जाऊन उभी राहिली. मुलीचा ताबा आईकडे राहील, वडिलांना महिन्यातील दोन रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत मुलीस भेटता येईल. तिथं ती रेघ बराच वेळ लुकलुकत राहिली. मंग एकदम अक्षरं आली, एका दमात, स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. तो मोबाइलशी बोलत होता, मोबाइल लिहीत होता.

"रविवारी जमत न्हाई रविवारी आमचा बाजार राह्यतो मेंढरं घेऊन जाव लागतं"

मी ताईला फोन लावला. ती घाईनं म्हणाली की परवानगी चुकीची गेली, आत्ता बंद करते. तेवढ्यात बदकानं रविवार हा शब्द खोडला. ती बाई अंगठ्यानं टाइप करत होती, सावकाश, पण शुद्ध. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी घेऊन जा, रविवारी बाजार उरकून अंधाराच्या आत आणून सोड.

मी ताईला म्हणाले, "थांबा जरा. ते मुलीचं बोलून राह्यलेत."

ताई थांबली. फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिच्याकडे वकिलांचा गलका ऐकू येत होता आणि आम्ही दोघी दोन गावांत एकच कागद बघत होतो. उंटानं विचारलं, म्हणजे रात्री राहू देशील. बदकानं लिहिलं, राहू दे, तिला तुमच्या अंगणात झोपायचं असतं, औषध बॅगेत ठेवत जाईन, धूळ असली तर ओढणी बांध तिच्या नाकाला. उंटानं लिहिलं, कोणतं औषध सकाळचं कोणतं रातचं ते चिठ्ठीवर लिही. बदकानं लिहिलं, तिला पाठ आहे, तीच सांगेल. साहेब, तडजोडीच्या कागदात, कलम चारच्या खाली, हे असं. दोन वर्षं ही माणसं एकमेकांशी बोललेली नव्हती. निरोप जायचे ते वकिलांमार्फत, नाहीतर मामा-मावशांकडून, आणि तेही वाटेत आंबून जायचे.

मग बदकाची रेघ वर सरकली. मला कळलं ती कुठं चालली आहे, आणि मी खुर्चीत ताठ झाले. अर्जदार ही स्वखुशीने माहेरी राहावयास गेली. तुमचा नमुना तोच, म्हणून वाक्यही तेच. मी ते माझ्या हातानं किती बायकांच्या कागदात टाइप केलं असेल त्याचा हिशोब नाही. तिनं ते वाक्य खोडलं. एकेक अक्षर, मागून पुढे, गेली, राहावयास, माहेरी, स्वखुशीने. जागा मोकळी राहिली. तिनं तिथं काहीच लिहिलं नाही. उंटही हलला नाही. मला वाटलं त्यानं मोबाइल खिशात टाकला, मेंढरांमागे गेला. पण चित्र तिथंच होतं. पुष्कळ वेळानं त्या मोकळ्या जागेत अक्षरं आली.

"मी तिला नेऊन सोडलं परत आणायला गेलो न्हाई"

मी पदर तोंडाला लावला होता एवढं आठवतं. फोनवर ताई म्हणाली, हळू आवाजात, की आक्का, हे वाक्य राहिलं तर त्याचा वकील सही करू देणार नाही. म्हणेल माझ्या पक्षकाराकडून कबुली लिहून घेतली. उद्याची तारीख जाईल, पुन्हा पहिल्यापासून सगळं. तिचं बराबर होतं. तुम्ही जे तेव्हा मला समजावलं होतं तेच ती बोलत होती, फक्त आवाज खाली होता. मी म्हणाले, मला आधी तिला विचारू द्या. ताई म्हणाली, विचारा.

मी त्या बाईला फोन केला. रोपवाटिकेत पाण्याची मोटार चालू होती, ती लांब जाऊन बोलली. मी तिला सगळं सांगितलं, वाक्य ठेवलं तर काय होईल आणि काढलं तर काय लिहिता येईल. दोघे काही वर्षांपासून वेगवेगळे राहत आहेत, एवढंच लिहू, कोणाची खुशी नाही, कोणावर ठपका नाही. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं ती अडून बसेल, आणि खरं सांगते, तिनं अडून बसावं असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, "त्यानं लिहिलं. मी वाचलं. आता काढा, मॅडम."

मी पुन्हा विचारलं, नक्की का. ती म्हणाली, "कोर्टाला काय करायचं ते? मला पाहिजे होतं, मला भेटलं. फक्त ते स्वखुशीचं परत टाकू नका." मग मी त्याला लावला. वाऱ्यात त्याचं बोलणं तुटत होतं. वाक्य काढतोय म्हटल्यावर त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्याला एकच पाहिजे होतं, शनिवारचं राहील ना. राहील म्हणाले. ताईनं मग परवानगी बंद केली, बदक गेलं, उंट गेला. मी भाषा नीट केली, औषधाचंसुद्धा कलमात बसवलं, आणि दोघांना पुन्हा पाठवलं, फक्त वाचायला.

दुसऱ्या दिवशी दोघं कोर्टात आले, वेगवेगळे. मुलगी आईबरोबर, शाळेच्या गणवेशात. बापानं तिच्यासाठी हरभऱ्याचा टहाळ आणला होता, ती पायरीवर बसून घाटे सोलून खात होती आणि सालं तिथंच टाकत होती म्हणून शिपाई तिला रागावला. सही शेवटी कागदावरच करावी लागते, ते तुमच्या वेळेसारखंच आहे. त्याचे वकील वयस्कर, भोकरदनचे, चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांशी धरून वाचतात. शनिवारचं कलम वाचून त्यांनी ताईला विचारलं की हे चांगलं बांधलंय, कुणी लिहिलं. ताई म्हणाली, पक्षकारांनी. ते हसले, त्यांना थट्टा वाटली. निघताना नवरा माझ्यापाशी आला. त्यानं विचारलं की कालचं ते लिहिलेलं आता कोणाला दिसंल का. मी त्याला खरं ते सांगितलं, बाहेर कोणाला दिसत नाही, आमच्याकडे जुनं मागे जाऊन बघता येतं, पण कोणी बघत नाही. तो म्हणाला बरं, आणि मुलीकडे गेला.

ऑफिसात परतल्यावर मी ताईला म्हणाले की नमुन्यातून ते वाक्य काढू का. ती म्हणाली, बाबांचं म्हणून मी आजवर हात लावला नव्हता. मग म्हणाली, तुमच्या कागदातही होतं ना ते? मला वाटलं होतं तिला ठाऊक नाही. ती म्हणाली, "मी आत पोहे खात होते, आक्का. बाबांचा आवाज चढलेला ऐकला होता. आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नव्हती." हे मला ठाऊक नव्हतं, साहेब. काकू त्या दुपारी मला नेहमीसारखीच भाकरी वाढत होत्या. मी नमुना उघडला, वाक्य काढलं, तिथं वेगवेगळे राहत आहेत असं लिहिलं. एवढ्या वर्षांचं वाक्य जायला काही वेळ लागत नाही.

तुमचं तेव्हा चुकलं असं मला म्हणायचं नाही. माझा नवरा काही उंटासारखा थांबून राहणारा नव्हता. त्यानं कबुली कधीच दिली नसती आणि मी तारखांना फिरत राहिले असते. तुमच्या वाक्यानं माझं आयुष्य मार्गी लागलं, नोकरी लागली, भावाची मुलं मी शिकवली, जालन्यात स्वतःच्या दोन खोल्या आहेत. हे सगळं मान्य आहे. पण तुम्ही मला एकदा विचारायला पाहिजे होतं, जसं मी त्या बाईला विचारलं. मीही कदाचित हेच म्हणाले असते की टाका साहेब, चालू द्या. बिलकुल म्हणाले असते. पण ते मी म्हणाले असते.

हे सगळं मी मोबाइलवर लिहीत आहे, घरी, चहा ठेवून, आणि ताईला दाखवणार नाही. छापणारही नाही. तुमच्या फोटोपुढे ठेवावं असं एकदा मनात आलं, पण ते मला नाटकी वाटलं. आणि एक कबूल करते. तुम्ही असतात तर यातला एक शब्दही मी तुमच्यापुढे बोलले नसते. तुम्ही चालत राहिला असतात आणि मी टाइप करत राहिले असते.